कॅरिअरवरची गादी

खोली भाड्यानं बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतो, ते मला तोवर तोंडपाठ झालं होतं. नोकरी कुठे, लग्न झालंय का, मटण-मासे करता का, पाणी जपून वापराल ना. पिंपळनेरच्या त्या घरमालकांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. ओट्यावर उकिडवे बसून ते कॅनव्हासच्या बुटांना पांढरं पॉलिश लावत होते. गळ्यात शिट्टी लोंबत होती. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सायकल येते का?"

"येते," म्हटलं. "म्हणजे शाळेत असताना चालवायचे. आता स्कूटी आहे."

"स्कूटीचं कोणी विचारलं?"

मी बँकेत बदली होऊन आले होते, उन्हात हिंडून डोकं फिरलेलं होतं, आणि दिवसभर बघितलेल्या खोल्यांत वारा येणारी ती एकच होती. त्यामुळे बँकेच्या कपड्यांत, शेजारच्या पोरीची सायकल मागून घेऊन, मी त्या गल्लीत इंग्रजी आठचे आकडे काढले. नाना शिट्टी वाजवून मला वळवत होते. सगळं गाव त्यांना नानाच म्हणायचं. गल्लीतल्या बायका भांडी घासायची सोडून बघायला लागल्या होत्या. शेवटी एक लांब शिट्टी झाली.

"ब्रेक उशिरा लावतेस," नाना म्हणाले. "पण घे खोली."

मी मुक्ताईनगरकडची, केळीच्या बागांमधली. आमच्याकडे जमीन इतकी सपाट की चढ म्हणजे काय ते पुलावर चढताना कळायचं, तेवढंच. अशा मुलीला या माणसानं जंगलातल्या घाटरस्त्याचं वेड लावलं. आज बदल्या होत होत मी परत माझ्या मुलखात आले आहे, तरी रविवारी उजाडायच्या आत मला जाग येते आणि पाय उगाच गोल फिरायला लागतात. नवरा म्हणतो, झोप, इथे चढ नाही. बरोबरच आहे त्याचं.

नाना आयुष्यभर शाळेत पीटीचे सर होते. ते निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही. चहा हवा असला की एक आखूड शिट्टी, नळाला पाणी आलं की दोन, कोणी पाहुणा आला की एक लांब. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्या शिट्ट्यांना कधीही ओ देत नसत. "मी काय शाळेतली पोरगी आहे का," असं पुटपुटत राहायच्या आणि चहा मात्र बरोब्बर आणून ठेवायच्या.

माणूस कसा आहे हे नाना त्याच्या सायकल लावण्यावरून ठरवायचे. स्टँडवर घेऊन हँडल सरळ केलं तर घरंदाज. भिंतीला टेकवली तर आळशी. जमिनीवर आडवी टाकली तर त्या घरात सोयरीक करू नये. गिअरच्या सायकलीचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. "गिअर म्हणजे चढाला दिलेली लाच," म्हणायचे. माझी सायकल घ्यायला ते मुद्दाम माझ्याबरोबर धुळ्याला आले. दुकानदारानं एक चकचकीत, बिनकॅरिअरची सायकल पुढे केली तेव्हा नाना तिच्याकडे बघून हळहळले. म्हणाले, "कॅरिअर नाही? म्हणजे आलेल्या माणसाला बसा म्हणायचं नाही की काय?" मग आम्ही मजबूत कॅरिअरची, साधी लेडीज सायकल घेतली. ते कॅरिअर पुढे कोणाच्या कामी येणार आहे याची तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

पिंपळनेरहून पश्चिमेकडे जाणारा एक रस्ता जंगलात शिरतो. फार अवघड नाही, फार सोपाही नाही. त्या रस्त्यावर आम्ही दर रविवारी जायचो. आधी नाना आणि मी, मग बँकेतल्या दोघीतिघी, पण त्या थंडी संपेपर्यंतच टिकल्या. नानांचे नियम दोनच. चढावर बोलायचं नाही, उतारावर ओरडायचं नाही. चढावर बोललं की दम जातो आणि उतारावर ओरडलं की अक्कल जाते, असं त्यांचं म्हणणं.

त्या रस्त्यावरच्या सगळ्या चढांना त्यांनी नात्यांची नावं ठेवली होती. पहिला चढ मावशी. ती गोड बोलून, गालावरून हात फिरवत वर नेते, कळतसुद्धा नाही. दुसरी आत्या. लहानशी, पण तोंडाची तिखट, एका दमात जे काय ऐकवायचं ते ऐकवते आणि मोकळी होते. तिसरा व्याही. बघायला अगदी सपाट. हसतमुख. पण पायांना कळतं की आत काहीतरी चढ आहे. व्याह्याच्या पुढे खिंड, खिंडीत मोहाचं मोठं झाड, झाडाखाली शेंदूर लावलेला वाघदेव. तिथे नाना सायकल स्टँडवर लावायचे, हँडल सरळ करायचे आणि देवाला शाळेतल्यासारखा सावधान होऊन नमस्कार करायचे. तिथून पलीकडे दोन वळणांचा उभा उतार होता.

"आणि हा?" मी पहिल्यांदा विचारलं.

"हा आत्ता उतार आहे. परत येताना कळेल. ही सासू."

पहिल्यांदा मी सासूवरून खाली गेले तो दिवस मला अजून आठवतो. थंडीची सकाळ. सागाची पानं अजून झाडावर होती, त्यांच्यावर दव, आणि रस्ता नुसता सावलीतून पळत होता. कुठेतरी रानकोंबडा ओरडला. वारा कानात शिरून दुसरं काही ऐकू येईना. डोळ्यांतून पाणी, हाताची बोटं बधिर, आणि छातीत असा काही आनंद उसळला की मी नियम मोडून जीव तोडून किंचाळले. मागून लगेच शिट्टी. खाली पोचल्यावर नाना म्हणाले, "अक्कल गेली का?" म्हटलं, "गेली." ते म्हणाले, "पहिल्यांदा माफ आहे." परत येताना सासूनं मला रडवलं. दुसऱ्या वळणावर मी उतरून सायकल ढकलली आणि नाना, साठी कधीच मागे टाकलेले, त्यांच्या त्या काळ्या जडशीळ सायकलवर उभे राहून पेडल मारत माझ्या पुढे निघून गेले. बोलले काही नाहीत, कारण चढ होता.

आता त्या गादीबद्दल सांगायला हवं.

नानांच्या पुढच्या खोलीत खुंटीला एक लहानशी चौकोनी गादी टांगलेली असायची. वरून त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा, आत घरचा कापूस, आणि खाली दबू नये म्हणून तिच्या आत नानांनी स्वतः ठोकून बसवलेली सागाची फळी. चार कोपऱ्यांना नाड्या. मी एकदा खाली बसताना ती घ्यायला हात वर केला, तर स्वयंपाकघरातून काकू पळत आल्या. "अगं बाई, ती नको. ती अक्काची."

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. जंगलाच्या पलीकडल्या गावात दिलेली. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण उठून येत नाही. माहेरचा मुराळी जाऊन तिला घेऊन येतो, तिकडे जेवतो, मुक्काम करतो, मग ती निघते. बोलावणं आलं नाही तर ती दारात उभी राहून वाट बघेल, पण येणार नाही. अक्काचं लग्न झालं तेव्हा त्या गावाला गाडी जात नव्हती. पहिल्या आखाजीला नाना सायकलवर गेले आणि तिला कॅरिअरवर बसवून जंगलातून घेऊन आले. त्यानंतर रस्ता झाला, एसटी आली, जीप आल्या, अक्काच्या मुलानं एसीची मोटार घेतली. नानांची पद्धत बदलली नाही. आखाजीच्या आधी ती गादी दिवसभर उन्हात पडायची, तिला नवा अभ्रा चढायचा, कॅरिअरला ती घट्ट बांधली जायची आणि नाना पांढरे बूट घालून निघायचे. "अक्काचा पाय आजवर जंगलाच्या रस्त्याला लागलेला नाही," हे ते अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्यानं उठून उभं राहावं. "आणि त्या गादीवर तिच्याशिवाय कोणी बसलेलं नाही. मीसुद्धा नाही."

"मला सायकल अक्कानंच शिकवली," हेही ते सांगायचे. वडील दुपारी झोपले की ती त्यांची सायकल पळवायची, दांडीखालून पाय घालून चालवायची आणि नाना मागे बसायचे. ही मी त्यांच्या नेहमीच्या थापांपैकी एक धरली होती.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी नानांचा उजवा गुडघा गेला. धुळ्याला देवपूरच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, सर, यातलं वंगण संपलंय. नाना म्हणाले, मग टाका. डॉक्टर हसले नाहीत. सायकल चालवा म्हणाले, सपाटीवर, हळू, पण चढ नाही आणि मागे माणूस तर नाहीच नाही.

आखाजी तोंडावर आली होती. अक्काच्या मुलाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकला. "मामा, यंदा तुम्ही त्रास घेऊ नका. मी आईला मोटारीनं सोडतो. अर्ध्या तासाचं तर काम." नानांनी शिट्टी तोंडाला लावली आणि फोनमध्ये वाजवली. पलीकडून फोन कट झाला.

त्या संध्याकाळी ते ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. शिट्टी खिशात होती. इतका साधा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मोटार काय, कोणीही पाठवतं," ते म्हणाले. "ज्या वर्षी मी गेलो नाही, त्या वर्षी अक्काचं माहेर संपलं असं समज. ती बोलायची नाही. पण तिला तेच वाटेल. आई-वडील गेले, आता माहेर म्हणजे मी आणि ही सायकल. दुसरं काय राहिलंय तिचं इथे?"

आत काकूंनी सगळं ऐकलं होतं. मी वर जायला निघाले तेव्हा जिन्यात अडवून म्हणाल्या, "ते जाणारच. तू बरोबर जा. सासूवर त्यांना उतरव, नाही ऐकले तर ढकलून दे." आणि सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला.

आम्ही उजाडायच्या आधी निघालो. आखाजीच्या दिवसांतलं ऊन म्हणजे नऊ वाजता माणूस भाजून निघतो. गुडघा गेल्यापासून आमचे रविवार बंद होते, त्यामुळे उन्हाळ्यातलं ते जंगल मी पहिल्यांदाच बघत होते. साग उघडेबोडके, खाली वाळक्या पानांचा खच, त्यामुळे रस्त्याची वळणं लांबून दिसत होती. आणि त्या सगळ्या करड्या रंगात मध्येच एखादा बहावा, डोक्यापासून पायापर्यंत पिवळाधमक. मी तर बघतच राहिले. मावशीनं नानांना सांभाळून घेतलं. आत्यानं ऐकवलं. व्याह्यावर त्यांचा गुडघा करकरलेला मला मागून ऐकू आला. पण मागे माणूस नव्हतं, नुसती गादी होती, म्हणून निभावलं. सासूवरून उतरताना त्यांनी पायाला आराम दिला आणि चक्क गुणगुणले.

अक्का दारातच उभी होती. सत्तरीची, काटक, काळीसावळी, कपाळाला भलं मोठं कुंकू. नाना दिसल्याबरोबर तिचा सगळा चेहरा हलला. "उना का रे भाऊ," ती म्हणाली. "माले वाटनं, यंदा मोटारच येस का काय." नानांनी माझ्याकडे असं बघितलं की, बघ, सांगितलं होतं ना.

मी तिला "अहो अक्का" म्हटलं तर ती भडकली. "अहो कसाले म्हनस? मी का मास्तरीन शे?" म्हणून मग मीही तिला सरळ अगंतुगं करायला लागले. तिनं आम्हाला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस इतका वाढला की नाना ओट्यावर तिथेच आडवे झाले. त्यांचा भाचा मोटार पुसत मुकाट्यानं फिरत होता. शिट्टीचा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळी अक्का मला मळा दाखवायला निघाली. गोठ्याच्या मागून तिनं एक लाल लेडीज सायकल काढली, पदर खोचला आणि मी काही बोलायच्या आत टांग टाकून पुढे गेली. मी मागे धावले. मळ्याच्या बांधाजवळ थांबून ती हसत होती. नात शिकायला धुळ्याला गेली, तिची सायकल पडून होती, तेव्हापासून ही रोज त्यावरच मळ्यात येते. ऊस असो, गवताचा भारा असो, मागे बांधते आणि घरी जाते.

"मग नानांना का नाही सांगितलंस?"

तिचं हसू थांबलं. "त्याले सांगू नको, माय. त्याले वाटी, आते हाई सोताच येई, माले कोन इचारस."

थाप नव्हती तर ती. आणि ही बाई जंगल ओलांडून केव्हाही स्वतःच्या पायांनी माहेरी येऊ शकली असती. पण दर आखाजीला दारात उभी राहून भावाची वाट बघत होती, त्याला मुराळी होता यावं म्हणून. मी तिला शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. नानांनी गादीच्या नाड्या पुन्हा आवळल्या, अक्का तिच्यावर एका बाजूला बसली, मांडीवर पिशवी, आणि नानांनी एक लांब शिट्टी वाजवून गावाचा निरोप घेतला. सपाटीवर दोघं काय बोलत होती म्हणून सांगू. कोणाच्या घरी काय झालं, कोणाची म्हैस व्याली, आई कशी रागवायची, वडील घोरायचे कसे. मी मागून येत होते आणि मला त्यांच्यात जागा नव्हती, पण वाईट मुळीच वाटत नव्हतं.

मग सासू आली.

"नाना, उतरा," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. चढावर बोलायचं नसतं. पहिलं वळण त्यांनी उभं राहून काढलं. मला त्यांच्या पाठीवरचा सदरा भिजलेला दिसत होता. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी सायकल एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि गुडघ्यातून असा आवाज आला की माझ्याच अंगावर काटा आला. अक्का पडायच्या आत टुणकन उतरली. नाना सायकलसकट रस्त्याच्या कडेला बसले. म्हणजे कोसळलेच.

पाय सरळ होईना. मोबाइलला रेंज नाही. पूर्वेकडे सूर्य वर येत होता. नाना अक्काच्या पायांकडे बघत होते. तिच्या चपला जंगलाच्या धुळीत होत्या.

"सरनं, अक्का," ते म्हणाले.

"काय सरनं?"

"आखाजी. तुनं माहेर."

अक्कानं त्यांचा घाम पदरानं पुसला. "तुना गुडघा सरना," ती म्हणाली. "मनं माहेर कसाले सरी?"

मग तिनं नानांच्या सायकलवरच्या गादीच्या नाड्या सोडल्या आणि ती गादी माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बांधली. मला कळलं. नानांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तसे ते मागे सरकले. मुराळ्याला बहिणीनं आणलं, असं लोक म्हणतील, गाव हसेल, पीटीचा मास्तर आहे मी. "म्हनू दे," अक्का म्हणाली आणि त्यांच्या काखेत हात घातला.

आम्ही दोघींनी त्यांना कसं बसवलं ते देवाला माहीत. अक्का हँडल धरून पुढे ओढत होती, मी मागून ढकलत होते, आणि मध्ये नाना त्यांच्याच गादीवर बसून अख्ख्या चढभर बोलत होते. आपला नियम त्यांनीच मोडला होता. टेंबुर्णीची पानं तोडून येणाऱ्या बायका डोक्यावरचे भारे सावरत थांबल्या आणि खदखदून हसल्या. त्यातली एक भारा उतरवून आम्हाला हात लावायला आली. खिंडीत पोचलो तेव्हा माझी छाती फुटायची वेळ आली होती आणि अक्का मात्र वाघदेवाला नमस्कार करत होती. मी परत खाली गेले आणि नानांची काळी सायकल ढकलत वर आणली. तिला आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

"आते धर मजबूत," अक्का म्हणाली. पदर खोचला. एक पाय पेडलवर, दोनदा जमिनीला रेटा, आणि ती सायकलवर. नानांचे डोळे मोठे झाले. सत्तरीची बहीण हँडल जराही न हलवता आपल्याला घेऊन निघाली आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी सीटची दांडी पकडली.

येताना ते सगळे नातेवाईक उतार होतात. व्याही खरंच सपाट वाटला, आत्यानं पाठीवर थाप मारून पुढे पाठवलं, आणि मावशीचा लांबलचक उतार आला. मी त्या जड पुरुषी सायकलवर, ओढणी कमरेला बांधून, दोघांच्या मागे सुसाट. ऊन झाडांमधून पट्ट्यापट्ट्यांनी अंगावरून जात होतं. बहाव्याच्या पाकळ्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि चाकाखालून उडत होत्या. आणि उताराच्या मधोमध अक्का ओरडली. शब्द नाही, काही नाही, नुसता मोकळा, लांब, पोरीसारखा आवाज. मी शिट्टीची वाट बघितली. शिट्टी वाजली नाही. मग मीही ओरडले.

नाना गप्प होते. प्रत्येक खड्ड्याला ते गादीवरून थोडे उचलले जात, पुन्हा बसत, चेहरा वाकडा होई, आणि गप्पच. मला वाटलं, मनाला लागलंय. गाव जवळ आलं तशी मलाही धास्ती वाटायला लागली. ते हसतील म्हणून नाही, त्यांना ते सहन झालं नाही तर, म्हणून.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि लांब वाजवली. सगळ्या बायका ओट्यांवर आल्या. जिच्या पोरीची सायकल घेऊन मी पहिल्या दिवशी आठचे आकडे काढले होते, तीच पुढे झाली. तोंडाला पदर लावून विचारते, "नाना, कोन कोनले लई उनं हो?"

कोणी कोणाला आणलं, हे ऐकायला गल्ली थांबून राहिली. काकू दारात होत्या, हातात ओवाळायचं ताट.

नानांनी कॅरिअरवर बसल्या बसल्या पाठ ताठ केली. "मीच लई उनू," ते म्हणाले. "हाई नुसती सायकल चालाडी ऱ्हायनी व्हती."

हसली गल्ली, पण काय हसली. अक्का सगळ्यांत जास्त. काकूंनी दोघांना ओवाळलं, सायकलच्या चाकावर पाणी घातलं, निंबाला झोका बांधायला कोणीतरी दोर आणला. नानांनी नाड्या सोडून गादी काखेत मारली आणि मी त्यांना आधार देऊन आत नेलं. काकूंनी खुर्ची पुढे केली. नाना बसले नाहीत. भिंतीला हात टेकून, एका पायावर, तसेच उभे. अक्का खाली फरशीवर बसून गटागटा पाणी पीत होती.

"अक्का," ते म्हणाले, "हाई गादी टोचस वं."

"टोचस," अक्का म्हणाली.

"फळीना खिळा वर येल शे."

"ठाउक शे माले."

गादी नानांच्या हातात होती. अंगठ्यानं ते अभ्र्याखालचा तो खिळा चाचपत होते. "मंग इतला वरीस सांगं का नही?"

अक्कानं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"सांगतू ते तू मोटार लई येता," ती म्हणाली. "आनि मोटारमा रस्ता लवकर सरस रे भाऊ."